काम मिळत नाही, मिळाले तर टिकत नाही: अडथळा कसा शोधावा आणि कसा दूर करावा

काम शोधणाऱ्या माणसाला मिळणारा सल्ला बहुधा एकाच ठशाचा असतो: आणखी एखादा अभ्यासक्रम करा, अर्ज करत राहा, धीर सोडू नका. या सल्ल्यात वाईट काही नाही. पण समोरच्या माणसाचे गाडे नेमके कुठे अडले आहे, हे तो देणाऱ्याने बहुतेक वेळा विचारलेलेच नसते. ज्याला मुलाखतीची बोलावणी येतात आणि निवड मात्र होत नाही त्याची अडचण वेगळी, ज्याच्या अर्जाला साधी पोचही मिळत नाही त्याची वेगळी, आणि ज्याला काम मिळते पण दोन-तीन महिन्यांत सुटते त्याची आणखी वेगळी. रोजगारविषयक सल्ला देण्याच्या कामात मला सतत दिसत आले आहे की अंगात चांगले कसब असूनही निव्वळ प्रवास, लहान मुलांची देखभाल, अपुरी कागदपत्रे किंवा पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च यांमुळे अडकून पडलेली माणसे पुष्कळ असतात. अशा माणसाच्या गळ्यात आणखी एक अभ्यासक्रम बांधणे म्हणजे त्याचा वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची घालणे होय.

दुसरी गोष्ट अशी की काम मिळवणे आणि ते टिकवणे हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात, पण त्यांच्या मुळाशी बहुधा एकच अडचण असते. रुजू होण्याआधी जिचा बंदोबस्त झाला नाही ती अडचण रुजू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा समोर येते, आणि तेव्हा ती 'उशिरा येणे', 'न सांगता गैरहजर राहणे' अशा नावांनी ओळखली जाते.

आधी नोंद करावी

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे एक वही. प्रत्येक जागेसाठी एक ओळ आखावी आणि तिच्यात जागा कोणती, ती कुठून कळली, अर्ज कधी केला, उत्तर आले का, मुलाखत झाली का, शेवटी काय झाले आणि काम न मिळाल्यास तुमच्या मते त्याचे कारण काय, हे लिहावे. शेवटचा रकाना भरताना संकोच करू नये. 'पहाटेच्या पाळीला पोहोचायला वाहन नव्हते', 'बोलावण्याचा फोन आला तेव्हा मोबाइल बंद होता', 'मधल्या दोन वर्षांबद्दल विचारले आणि उत्तर सुचले नाही', अशी रोखठोक वाक्ये तिथे उतरली पाहिजेत. 'नशीब नाही' हे कारण म्हणून लिहू नये, कारण त्यावर काहीच करता येत नाही.

पंधरा-वीस ओळी झाल्या की वही सलग वाचावी. ओळीच कमी असतील, म्हणजे अर्ज करण्याजोग्या जागाच कळत नसतील, तर अडचण माहितीची आणि ओळखींची आहे. अर्ज भरपूर आणि बोलावणी जवळजवळ नाहीत असे दिसले, तर अर्जाचा मजकूर तपासावा, जागांची निवड तपासावी आणि भेदभावाची शक्यताही लक्षात घ्यावी. मुलाखतीपर्यंत मजल जाते पण पुढे नाही, तर तयारी मुलाखतीची हवी. निवड होऊनही नकार कळवावा लागला असेल, तर प्रवास, वेळ, घरची जबाबदारी किंवा पैसा यांपैकी काहीतरी आडवे आले आहे.

मध्येच वही कोरी पडू लागली असेल, तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. श्रम आकडेवारीतली बेरोजगाराची आंतरराष्ट्रीय व्याख्या १९८२ मध्ये ठरली आणि २०१३ मध्ये सुधारली गेली; तिच्यानुसार ज्याला काम नाही, जो काम करायला तयार आहे आणि ज्याने नजीकच्या काळात काम शोधले आहे, तोच बेरोजगार गणला जातो. शोध थांबवलेला माणूस त्या आकड्यातून गळतो, म्हणजे अडथळे ज्याच्यासाठी सर्वांत भारी ठरले तोच मोजणीत दिसेनासा होतो. म्हणून वहीतल्या कोऱ्या पानांना आळस समजू नये. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

जागाच कळत नसतील तर

पुष्कळ जागा जाहिरात येण्यापूर्वीच कुणाच्या तरी शब्दावर भरल्या जातात. 'माझी कुणाशी ओळख नाही' असे म्हणणारा माणूस बहुधा जवळच्या चार-पाच माणसांचाच विचार करत असतो, आणि खरी अडचण तिथेच असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती माहिती देणारी व्यक्ती त्या काळात कितपत भेटत असे, हे विचारले होते. वारंवार भेटणाऱ्याकडून माहिती मिळालेले जेमतेम १७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले सुमारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून मिळालेले २८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीकडे असते. हा अभ्यास व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामे करणाऱ्यांचा होता, पण त्यातले तर्कशास्त्र इतर कामांनाही लागू पडण्यासारखे आहे.

त्यामुळे यादी करायची ती जुने सहकारी, शाळा-महाविद्यालयातले वर्गमित्र, पूर्वी जिथे माल पोहोचवला किंवा सेवा दिली तिथली माणसे, शिक्षक आणि शेजारी यांची. त्यांना पाठवायचा संदेश पाच वाक्यांत मावावा. 'आपण अमुक ठिकाणी एकत्र होतो. मी सध्या गोदामातील साठा-नोंदणीचे किंवा त्यासारखे काम शोधत आहे. या कामाचा मला पाच वर्षांचा अनुभव आहे. आपल्याकडे किंवा आपल्या माहितीत अशी जागा निघाली तर कृपया कळवावे. जागा नसल्यास या कामाबद्दल कोणाशी बोलावे एवढे सांगितले तरी उपयोग होईल.' यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. 'नोकरी बघा' म्हटले की ऐकणाऱ्यावर ओझे येते आणि तो टाळतो. एखादे नाव सांगणे मात्र कुणालाही जड जात नाही. 'कोणतेही काम चालेल' असेही लिहू नये, कारण ते वाचून समोरच्याला कोणतीच जागा आठवत नाही.

अर्ज जातात, बोलावणे येत नाही

जाहिरातीत कामाचे जे शब्द वापरलेले असतात, ते तुमच्या अनुभवाला खरोखर लागू पडत असतील तर अर्जात तसेच वापरावेत. मोठ्या आस्थापनांत अर्जांची पहिली चाळणी बऱ्याचदा संगणक करतो, आणि माणूस करत असला तरी त्याच्याकडे एका अर्जासाठी फारसा वेळ नसतो. सर्वांत अलीकडचे काम वर, त्याखाली त्या कामात नेमके काय केले याची दोन-तीन वाक्ये, आणि शिक्षण शेवटी, एवढी मांडणी बहुतेक कामांना पुरते. स्वभावाची वर्णने काढून टाकावीत.

मधल्या काळात खंड पडला असेल तर तो लपवू नये आणि तसाच उघडा सोडूही नये. अमेरिकेतील सुमारे शंभर शहरांतील जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे सुमारे १२,००० अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ जसा लांबत गेला तशी बोलावणी घटत गेली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली, असे त्यात आढळले. अर्ज बाकी सारखेच असताना असे घडले, म्हणजे मालक खंडाचा अर्थ स्वतःच्या मनाने लावतात. तो अर्थ त्यांच्या मर्जीवर सोडण्याऐवजी आपणच एका वाक्यात द्यावा: '२०२१ ते २०२३ या काळात घरातील आजारी व्यक्तीची पूर्णवेळ देखभाल केली, ती जबाबदारी आता संपली असून मी पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे.' यात सारवासारव नाही आणि क्षमायाचनाही नाही. खंड अजून चालू असेल तर अर्धवेळ काम, स्वयंसेवा किंवा छोटे कंत्राटी काम घेऊन अर्जाची वरची ओळ ताजी ठेवावी.

मात्र उत्तर न येण्याचे कारण दरवेळी अर्जात नसते. अर्थशास्त्रज्ञ मरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी ठेवून फक्त नावे बदलली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ यांवरून नोकरीत भेद करू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार सांगतो, आणि तरीही हे घडते. ज्याच्या वाट्याला हे येते त्याने दोष स्वतःकडे घेऊ नये. जिथे कामाचा नमुना किंवा लेखी चाचणी घेऊन निवड होते तिथे नावाचे वजन कमी होते, म्हणून अशा जागा शोधाव्यात. शक्य तिथे अर्जासोबत आतल्या माणसाचा शब्द जोडावा. आणि उघड भेदाचे बोलणे झाले तर तारीख, वेळ, शब्द आणि संदेश जपून ठेवावेत, कारण तक्रार करायची वेळ आली तर आठवणीपेक्षा नोंद जास्त उपयोगी पडते.

पूर्वी शिक्षा झालेल्यांची अडचण आणखी कठीण असते. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोऱ्या अर्जदारांपैकी स्वच्छ नोंद सांगणाऱ्यांना ३४ टक्के, तर शिक्षा झाल्याचे सांगणाऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. कृष्णवर्णीय अर्जदारांत हे प्रमाण अनुक्रमे १४ आणि ५ टक्के होते. असा इतिहास असेल तर आधी आपल्या इथला कायदा पाहावा: हा प्रश्न कोणत्या टप्प्यावर विचारता येतो, किती जुनी शिक्षा सांगावी लागते, नोंद पुसून घेण्याची तरतूद आहे का. प्रश्न कायदेशीर असेल तर खोटे उत्तर देऊ नये, कारण ते उघडकीस आले की मिळालेले काम जाते. काय घडले याचे एक वाक्य, त्यानंतर आपण काय केले याची दोन वाक्ये, आणि आपल्याबद्दल सांगू शकेल अशा एका जबाबदार व्यक्तीचे नाव, एवढी तयारी करून जावे.

कागदपत्रे आणि फोन हा भाग थोडक्यात उरकण्यासारखा आहे, पण तो सोडून चालत नाही. ओळखपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रे, जुन्या कामांचे दाखले आणि बँक खात्याचा तपशील यांच्या प्रती एका ठिकाणी ठेवाव्यात आणि सर्व कागदांवरील नावाची व जन्मतारखेची नोंद एकमेकांशी जुळते का हे आजच पाहावे. दुरुस्तीला आठवडे लागू शकतात आणि निवड झाल्यावर तेवढी वाट कुणी पाहत नाही. शोध चालू असेपर्यंत फोन क्रमांक बदलू नये, आणि फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता असेल तर त्या व्यक्तीला निरोप कसा घ्यावा हे सांगून ठेवावे.

मुलाखतीत अडते

मुलाखतीच्या तयारीत बहुतेक जण उत्तरे पाठ करतात. त्याऐवजी आपल्या कामातले, अभ्यासातले किंवा घरच्या जबाबदारीतले पाच-सहा प्रसंग निवडून ते मोठ्याने सांगण्याचा सराव करावा. 'मी जबाबदारीने काम करतो' हे वाक्य कुणीही म्हणू शकतो. 'मालाची पोच द्यायची होती आणि यादीत दोन खोक्यांचा फरक लागत होता. मी गाडी थांबवली, मागच्या पावत्या तपासल्या, चूक नोंदणीत सापडली, आणि तेव्हापासून आम्ही गाडी भरण्याआधीच मोजणी करू लागलो' हे फक्त ज्याने केले आहे तोच म्हणू शकतो. परिस्थिती काय होती, तुम्ही काय केले आणि त्यातून काय झाले, एवढे तीन भाग प्रत्येक प्रसंगात असले की पुरे. निवड झाली नाही तर कारण विचारणारा दोन ओळींचा नम्र संदेश पाठवावा. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांचे उत्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात जाते.

काम आहे, पण पोहोचता येत नाही

या भागावर मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, कारण सल्ला देणारे इथेच सर्वांत कमी बोलतात. कामाची ठिकाणे एकीकडे आणि काम हवे असलेली वस्ती दुसरीकडे, यामुळे रोजगार हुकतो, ही मांडणी अर्थशास्त्रज्ञ जॉन केन यांनी १९६८ मध्ये शिकागो आणि डेट्रॉइट यांच्या आधारे केली. अंतर नकाशावर किती दिसते याला फारसा अर्थ नसतो. पाळी सुरू होण्याच्या वेळेला तिथे पोहोचता येते का, आणि पाळी सुटल्यावर परतता येते का, हे पाहावे लागते.

म्हणून होकार देण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि तेही ज्या दिवशी आणि ज्या वेळी जायचे आहे त्याच वेळी. सुटीच्या दुपारी केलेल्या प्रवासावरून कामाच्या दिवसाची सकाळ कळत नाही. घराचे दार ओढल्यापासून हजेरीच्या जागेपर्यंत लागलेला वेळ लिहावा, पहिले वाहन चुकले तर दुसरे कधी मिळते ते पाहावे, आणि येण्याजाण्याचा महिन्याचा खर्च पगारातून वजा करून उरणारी रक्कम कागदावर मांडावी. ती रक्कम आणि लागणारा वेळ समोर ठेवून घेतलेला निर्णय सहसा टिकतो. हिशेब अगदीच काठावर असेल तर त्या भागातल्या सहकाऱ्यांसोबत एकत्र जाण्याची सोय आहे का, पाळी अर्ध्या तासाने पुढे-मागे होऊ शकते का, हे रुजू होण्यापूर्वी विचारावे. निवड झाल्यानंतर आणि होकार देण्यापूर्वी जो थोडा काळ असतो, त्यात मालक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो.

मुलांची किंवा वृद्धांची देखभाल ज्यांच्यावर आहे, आणि हे ओझे बहुतेक ठिकाणी बायकांवरच पडते, त्यांच्यासाठी एकाच व्यवस्थेवर विसंबणे धोक्याचे असते. पाळणाघर बंद राहील, सांभाळणारी व्यक्ती आजारी पडेल, मुलाला ताप येईल, हे सर्व पहिल्या काही महिन्यांत होणारच असे धरून चालावे. नेहमीची व्यवस्था, ती मोडली तर दुसरी, आणि दोन्ही मोडल्या तर घरातील कोणती व्यक्ती त्या दिवशी सुटी घेईल, हे काम सुरू होण्याआधी घरात बसून ठरवावे आणि त्या-त्या व्यक्तीला तसे स्पष्ट सांगावे. 'बघू तेव्हाचे तेव्हा' असे ठरले की तो दिवस ठरल्यासारखा बाईच्याच रजेवर जातो, आणि असे तीन-चार दिवस झाले की काम तिच्या हातून निसटते. एक अवघड वाटणारी पण उपयोगी गोष्ट म्हणजे खऱ्या रुजू होण्याआधी आठवडाभर घरातली नवी घडी चालवून पाहणे: त्या वेळी उठणे, मुलाला त्या वेळी सोडणे, त्या वेळी परतणे. कोणता सांधा निखळतो हे त्या आठवड्यात कळते, आणि तेव्हा त्याची किंमत मोजावी लागत नाही.

प्रकृती आणि अपंगत्व

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराने कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी-बदल मिळण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि मागणी अवाजवी नसताना ती नाकारणे हा त्या करारानुसार भेदभाव ठरतो. प्रत्यक्षात मागताना निदान सांगण्यापेक्षा गरज सांगावी. 'मला अमुक आजार आहे' याने ऐकणारा घाबरतो. 'मला दर दोन तासांनी दहा मिनिटे बसायला मिळाले तर मी पूर्ण पाळी करू शकतो' याने त्याला काय करायचे ते कळते. मागणी लेखी द्यावी आणि तिची प्रत ठेवावी.

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना 'आधी पूर्ण बरे व्हा, मग कामाचे बघू' असे सांगण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी याच्या उलट क्रम रुजवला: माणसाला हवे असलेले खरे, पगारी काम लवकर मिळवून द्यायचे आणि आधार व प्रशिक्षण कामासोबत चालू ठेवायचे. तेव्हापासून निरनिराळ्या देशांत झालेल्या चाचण्यांत आधी प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतींपेक्षा या पद्धतीने अधिक लोक कामाला लागल्याचे दिसले आहे. म्हणून उपचार करणाऱ्यांशी बोलून, तब्येत शंभर टक्के होण्याची वाट न पाहता कमी तासांनी सुरुवात करण्याचा विचार अवश्य करावा.

पैसा

कामाला लागल्यानंतर पहिला पगार येईपर्यंतचे दिवस सर्वांत नाजूक असतात, कारण खर्च आधी सुरू होतो: प्रवास, बाहेरचे खाणे, गणवेश किंवा पायात घालायचे ठरावीक बूट. पगार किती तारखेला, रोख की खात्यात, पहिला महिना पूर्ण धरणार की नाही, हे नियुक्तीपत्र घेतानाच विचारावे, आणि तेवढ्या दिवसांची तजवीज आधी करावी. कर्ज घ्यावेच लागले तर ते घरातले किंवा संस्थेचे असावे. रोज वसुलीला येणाऱ्या सावकाराचे घेतले की माणूस कामावर जायचे टाळू लागतो.

नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. नोंदणीची फी, प्रशिक्षणाची अनामत, ओळखपत्राचा खर्च अशा नावांनी रुजू होण्याआधी रक्कम मागितली गेली, किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट घातली गेली, तर तिथून निघावे.

वही कोरी पडू लागते तेव्हा

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल या गावातली कापड गिरणी बंद पडून जवळजवळ सगळे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे केलेली पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. लोकांकडे आता वेळच वेळ होता आणि वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तके नेणे कमी झाले. दिवस रिकामा झाला की उमेद वाढत नाही, ती विरते. हा माणसाच्या स्वभावाचा दोष नव्हे. बेकारीचा परिणाम आहे, आणि म्हणून त्यावर उपाय करता येतो.

पहिला उपाय म्हणजे शोधाला वेळ आणि जागा ठरवून देणे: 'सकाळी चहा झाला की टेबलाशी बसून दोन अर्ज', एवढे ठोस. दुसरा, नोकरी ज्या पद्धतीने गेली तिचा राग किंवा अपमान मनात असेल तर तो कागदावर उतरवणे. नुकतीच नोकरी गेलेल्या व्यावसायिकांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नोकरी गेल्याबद्दलच्या भावना काही दिवस सलग लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. त्यांची शोधाची उमेद वाढली म्हणून नव्हे, तर जुन्या नोकरीकडे आणि नव्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली म्हणून, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. जुन्या मालकावरचा राग मुलाखतीत बोलण्यात डोकावतो. तो आधी वहीत गेलेला बरा.

तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे एकट्याने न शोधणे. नेथन अझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काम शोधणाऱ्यांचे गट बनवले. सदस्य नियमित भेटत, एकमेकांचे अर्ज वाचत, फोनवर बोलण्याचा सराव करत आणि आपल्याला न जुळणाऱ्या जागा दुसऱ्याला सांगत. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार दोन महिन्यांत या गटांतील ९० टक्के लोकांना काम मिळाले, तर मदत न मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. असा गट चार-सहा जणांचाही चालतो. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकाची वही सोबत, आणि तक्रारींपुरती सुरुवातीची दहा मिनिटे, एवढा नियम पुरेसा आहे.

काम मिळाल्यानंतर

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी स्वतः विचारून लिहून घ्याव्यात: माझे काम चांगले झाले हे तुम्ही कशावरून ठरवाल, अडल्यास कुणाला विचारू, आणि उशीर किंवा गैरहजेरी होणार असेल तर कुणाला, कसे आणि किती आधी कळवू. हे न विचारल्यामुळे नोकऱ्या जातात. नवा माणूस कामात चुकतो हे सगळे गृहीत धरतात. पण तो न कळवता गैरहजर राहिला तर ते सहसा विसरले जात नाही. अडचणीच्या दिवशी लाजेने फोन बंद ठेवण्याचा मोह होतो आणि तोच घात करतो. 'आज मुलाला ताप आहे, मी येऊ शकत नाही, उद्या नेहमीच्या वेळी येतो, कालचे अर्धे काम अमुक टेबलावर ठेवले आहे', असा संदेश पाळी सुरू होण्याआधी गेला की वरिष्ठाला निदान त्या दिवसाची आखणी करता येते.

महिना झाल्यावर वरिष्ठाकडे दहा मिनिटे मागून 'काय सुधारू' हे विचारावे. चाचणी काळाच्या शेवटी एकदम ऐकण्यापेक्षा ते तेव्हा ऐकलेले सोपे जाते. सहकाऱ्याशी खटका उडाला तर त्या दिवशी राजीनाम्याची भाषा करू नये. घडले ते लिहावे, रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी बोलावे. मात्र छळ, लैंगिक त्रास, मारहाण किंवा पगार बुडवणे या गोष्टी खटके नव्हेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार हिंसा आणि छळ यांपासून मुक्त असे कामाचे ठिकाण हा हक्क मानतो, आणि तो काम शोधणाऱ्यांना आणि शिकाऊ उमेदवारांनाही लागू होतो. अशा ठिकाणी टिकून राहिलेच पाहिजे असे कुणी कुणाला सांगू नये. तारीखवार नोंद ठेवावी, तक्रार लेखी करावी आणि दुसऱ्या जागेचा शोध त्याच दिवसापासून सुरू करावा.

काम सोडायचेच ठरले तर शक्य असेल तिथे दुसरे नियुक्तीपत्र हाती आल्यावर सोडावे आणि ठरलेली सूचना-मुदत पाळावी. बाहेर पडण्याआधी थकीत पगाराचा हिशेब, अनुभवाचा दाखला आणि पगाराच्या पावत्या मागून घ्याव्यात, आणि पुढच्या मालकाने चौकशी केली तर नाव देता येईल का, हे तुमचे काम जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीला विचारून तिचा फोन क्रमांक वहीत लिहून ठेवावा.